शुक्रवारचे अडीच तास : संसदेतील अशासकीय विधेयकांची वाटचाल

गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च 1910 मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने पाऊल टाकावे, असा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले आणि गोखल्यांनी तो मागे घेतला. वर्षभर वाट पाहिल्यानंतर 16 मार्च 1911 रोजी त्यांनी त्याच विषयावर रीतसर विधेयक आणले. मागणी अतिशय माफक होती : सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती, आणि तीही जिथे स्थानिक संस्थेची तयारी असेल व सरकारची संमती मिळेल तिथेच. 19 मार्च 1912 रोजी हे विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे ते बारकाईने तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवण्याचा प्रस्ताव 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळला गेला. शिक्षणाचा हक्क आपल्या राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून आला तो 2002 च्या घटनादुरुस्तीने, आणि त्यावरचा कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 रोजी. ठराव आणि कायदा यांच्यामध्ये शंभर वर्षे गेली.

आजच्या विषयाची सुरुवात मी मुद्दाम इथून करतो. सदस्याने विषय मांडायचा, सरकारने आश्वासन द्यायचे आणि सदस्याने तो मागे घ्यायचा, हा जो क्रम गोखल्यांच्या ठरावाच्या वेळी दिसला, तोच स्वतंत्र भारताच्या संसदेत अशासकीय विधेयकांच्या बाबतीत नेहमीचा होऊन बसला आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे ‘खासगी विधेयक’ हा शब्द रूढ आहे, आणि त्यामुळे हे विरोधी पक्षाचे काम आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. जो खासदार मंत्री नाही, तो अशासकीय सदस्य. मग तो सत्ताधारी पक्षाचा असो, विरोधी पक्षाचा असो वा अपक्ष असो. म्हणजे लोकसभेतील बहुसंख्य सदस्य या व्याख्येत बसतात. कायदा करण्याचा अधिकार घटनेने संसदेला दिलेला आहे, मंत्रिमंडळाला नव्हे. सरकारी विधेयक हा कायद्याकडे जाणारा एक मार्ग आहे. आपण तोच एकमेव मार्ग असल्यासारखे वागू लागलो आहोत, आणि माझी तक्रार याच सवयीविषयी आहे.

या विधेयकांसाठी वेळ मिळतो तो साधारणपणे शुक्रवारी दुपारनंतर, अडीच तास. त्यातही एका शुक्रवारी विधेयके आणि पुढच्या शुक्रवारी अशासकीय ठराव, अशी आळीपाळी असते. आठवड्याचा शेवट असल्यामुळे अनेक सदस्य तोपर्यंत मतदारसंघाकडे निघालेले असतात. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश उपस्थिती म्हणजे गणपूर्ती. लोकसभेत साधारण पंचावन्न माणसे. तेवढीही नसतील आणि कोणी लक्ष वेधले, तर कामकाज थांबते. सरकारी कामाचा ताण असेल किंवा आठवडा गदारोळात गेला असेल, तर पहिला घाव या अडीच तासांवरच पडतो.

विधेयक त्या वेळेपर्यंत पोहोचणे हाही लांबचा प्रवास आहे. सदस्याला साधारण महिनाभर आधी सूचना द्यावी लागते, विधेयकाचा मसुदा आणि उद्देश व कारणांचे निवेदन जोडावे लागते. सरकारकडे कायदा मंत्रालयाचा स्वतंत्र विधायी विभाग असतो. सदस्याकडे फार तर एक-दोन सहायक. पुढे विधेयक मांडले जाते, म्हणजे सभागृहात औपचारिकपणे दाखल होते. त्यानंतर कोणते विधेयक चर्चेला यायचे, हे विषयाच्या निकडीनुसार केलेले वर्गीकरण आणि चिठ्ठ्या टाकून काढलेला क्रम यांवर ठरते. विधेयकामुळे देशाच्या संचित निधीतून खर्च होणार असेल, तर घटनेच्या अनुच्छेद 117 नुसार राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि राष्ट्रपती वागतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. शाळा, दवाखाने, निवृत्तिवेतन अशा ज्या विषयांवर लोकांना खरोखर कायदा हवा असतो, त्या विषयांची किल्ली अशा रीतीने पुन्हा सरकारच्याच हातात जाते.

आकडा एकच सांगतो, पण तो लक्षात ठेवावा असा आहे. 2019 ते 2024 या काळातील सतराव्या लोकसभेत 729 अशासकीय विधेयके मांडली गेली. त्यांपैकी चर्चा झाली ती दोनांवर. ‘किती संमत झाली’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘किती बोलली गेली’ हा प्रश्न विचारायला हवा, असे मी म्हणतो ते यामुळे. ही विधेयके सभागृहाने नाकारली असे म्हणता येणार नाही, कारण सभागृहाने ती हातातच घेतली नाहीत.

हे नेहमीच असे होते का? नव्हते. परकी सरकार असतानाही मध्यवर्ती कायदेमंडळात अशासकीय सदस्यांनी मोठे कायदे करवून घेतले. बालविवाहाला आळा घालणारा 1929 चा कायदा आपण हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखतो, तो ते सरकारात होते म्हणून नव्हे. हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित स्वरूपाचा का होईना, पण वाटा देणारा 1937 चा कायदा मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या विधेयकातून आला, आणि वकील मंडळी पुढे अनेक वर्षे त्याला ‘देशमुख कायदा’ म्हणत. स्वातंत्र्यानंतर 1952 पासून आजवर एकूण 14 अशासकीय विधेयकांचे कायदे झाले. पहिले मुस्लिम वक्फविषयीचे, सय्यद मोहम्मद अहमद काझमी यांचे. ते 1952 मध्ये मांडले गेले आणि 1954 मध्ये कायदा झाले. 14 पैकी सहा तर 1956 या एकाच वर्षात संमत झाली. यांत स्त्रियांच्या व बालकांच्या संस्थांना परवाना सक्तीचा करणारे कमलेन्दुमती शाह यांचे विधेयक होते, हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे डॉ. सीता परमानंद यांचे होते. त्या काळी एका पक्षाला प्रचंड बहुमत होते, हेही विसरू नये. बहुमत मोठे असले की अशासकीय सदस्याला जागा उरत नाही, हे म्हणणे त्या वर्षांनी खोटे ठरवले आहे.

त्या सहांपैकी एका कायद्यापाशी मला थोडे थांबायचे आहे. संसदेत बोललेल्या शब्दांबद्दल सदस्यावर खटला भरता येत नाही. घटनेचा अनुच्छेद 105 त्याला संरक्षण देतो. पण तेच भाषण वृत्तपत्राने छापले, तर वृत्तपत्रावर बदनामीचा दावा होऊ शकत असे. म्हणजे सदस्याने एखाद्या धनवान कंपनीचा गैरव्यवहार सभागृहात उघड केला, तरी तो मतदाराच्या कानावर जाईलच, याची खात्री नव्हती. रायबरेलीचे खासदार फिरोझ गांधी यांनी 1956 मध्ये यावर विधेयक आणले : संसदेच्या कामकाजाचे मूलतः खरे आणि दुष्ट हेतूविना दिलेले वृत्त प्रसिद्ध करणाऱ्यावर कारवाई होऊ नये. ते सत्ताधारी पक्षाचे सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. विधेयक संमत झाले. पुढच्याच वर्षी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाचे प्रकरण त्यांनी लोकसभेत काढले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश न्या. छागला यांच्या आयोगाने जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. संसदेतल्या त्या भाषणाचे वृत्त छापताना संपादकांच्या पाठीशी हा नवा कायदा होता.

या कायद्याची पुढची कथाही सांगायला हवी. आणीबाणीत, डिसेंबर 1975 मध्ये, अध्यादेश काढून तो रद्द केला गेला. सभागृहात काय बोलले जाते हे लोकांपर्यंत जाऊ नये, असे ज्यांना वाटत होते, त्यांना हा छोटासा कायदा किती जाचक झाला होता, हे त्यातून कळते. 1977 मध्ये नव्या सरकारने तो परत आणला आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण अनुच्छेद 361-अ म्हणून थेट राज्यघटनेत गेले. एका अशासकीय सदस्याच्या विधेयकाचा आशय घटनेपर्यंत पोहोचल्याचे हे उदाहरण मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

शेवटचा, चौदावा कायदा 1970 चा. लखनौचे अपक्ष खासदार आनंद नारायण मुल्ला हे अलाहाबाद उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि उर्दूचे नामवंत कवी. खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने फाशी दिली, तर सर्वोच्च न्यायालयात हक्काने अपील करता येत असे; जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी कैद दिली, तर तो हक्क नव्हता. न्यायाधीश म्हणून काम केलेल्या माणसाच्या नजरेलाच दिसावी अशी ही उणीव होती आणि त्यांनी ती भरून काढली. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांत एकही अशासकीय विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडलेले नाही.

याचे खापर पक्षांतरबंदी कायद्यावर आणि व्हिपवर, म्हणजे मतदानाविषयीच्या पक्षादेशावर, फोडले जाते. व्हिपने सदस्याचे स्वातंत्र्य आक्रसले, हे मलाही मान्य आहे. पण पक्षांतरबंदी आली 1985 मध्ये, आणि विधेयकांची वाट त्याआधी पंधरा वर्षे बंद झाली होती. माझ्या मते खरे कारण सवयीत आहे. दुसऱ्याचे विधेयक संमत होऊ देणे म्हणजे स्वतःची चूक कबूल करणे, अशी सरकारांची समजूत होत गेली, आणि ती कोणत्याही एका पक्षाची नाही. म्हणून विधेयक चांगले असले, तरी मंत्री उत्तरात त्याची स्तुती करतात, सरकार याच विषयावर व्यापक कायदा आणणार असल्याचे सांगतात आणि सदस्याला विधेयक मागे घेण्याची विनंती करतात. बहुतेक सदस्य ती मान्य करतात, कारण मतदानात पराभव पत्करण्यापेक्षा आश्वासन पदरात पाडून घेणे बरे वाटते.

ही विनंती न मानणारा सदस्य भेटला तर काय होते, हे 24 एप्रिल 2015 रोजी राज्यसभेत दिसले. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. द्रमुकचे तिरुची शिवा यांनी त्यांच्या हक्कांचे विधेयक आणले होते. सरकारची इच्छा ते मागे घ्यावे अशीच होती, पण शिवा मतदानावर ठाम राहिले. उघडपणे विरोधात मत देण्यास कोणीही पुढे आले नाही आणि विधेयक आवाजी मतदानाने एकमताने संमत झाले. 45 वर्षांत कोणत्याही एका सभागृहाने संमत केलेले ते पहिले अशासकीय विधेयक. लोकसभेत मात्र ते पार पडले नाही. सरकारने आपले वेगळे विधेयक 2016 मध्ये आणले, त्याचा कायदा 2019 मध्ये झाला, आणि शिवांच्या विधेयकातली आरक्षणाची तरतूद त्यात नव्हती. तरीही 2015 च्या त्या दुपारशिवाय हा विषय संसदेच्या पटावर इतक्या लवकर आला नसता, असे मला ठामपणे वाटते.

त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग अगदी उलट आहे. विधेयक निदान मांडू द्यावे, त्याला त्या टप्प्यावर विरोध करू नये, हा संकेत आहे. 18 डिसेंबर 2015 रोजी शशी थरूर समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढण्यासाठी कलम 377 मध्ये दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडायला उभे राहिले आणि लोकसभेने 24 विरुद्ध 71 मतांनी ते मांडण्यासच परवानगी नाकारली. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल केला. जो प्रश्न लोकप्रतिनिधींनी बोलून सोडवायचा, तो त्यांनी ऐकूनही घेतला नाही, याचे मला आजही दुःख वाटते.

आपण ज्यांच्याकडून ही पद्धत घेतली, त्या ब्रिटनमध्येही या विधेयकांचा दिवस शुक्रवारच आहे, आणि तिथेही बहुतेक विधेयके वेळेअभावी मरतात. पण फाशीची शिक्षा थांबवणारा 1965 चा आणि गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारा 1967 चा, हे दोन्ही कायदे अशासकीय सदस्यांच्या विधेयकांतून झाले. सदसद्विवेकाच्या प्रश्नावर तिथल्या सरकारने पक्षादेश काढला नाही आणि वेळ उपलब्ध करून दिला. आपल्याकडे यासाठी कोणत्याही घटनादुरुस्तीची गरज नाही. शुक्रवारऐवजी आठवड्याच्या मध्यावरचा दिवस, गदारोळात गेलेला वेळ भरून देण्याचा नियम आणि चर्चा झालेले प्रत्येक विधेयक मतास टाकण्याचा संकेत, एवढे सभागृहाला स्वतःच ठरवता येईल.

ते होईपर्यंत लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढची विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप रद्द होतात, आणि सदस्याला पुन्हा पहिल्या सूचनेपासून सुरुवात करावी लागते. सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर कार्यालयाचा फोन न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला देणारे विधेयक 2018 मध्ये मांडले होते. तोच विषय त्यांना डिसेंबर 2025 मध्ये नव्या विधेयकाने पुन्हा आणावा लागला. गोखल्यांचे विधेयक पडले खरे, पण त्यावर सभागृह सविस्तर बोलले आणि नंतर मतदान झाले. मुलांना शाळेत पाठवण्याच्या बाजूने उभे राहिलेले ते 13 सदस्य कोण आणि विरोधातले 38 कोण, हे कायदेमंडळाच्या कामकाजात आजही वाचता येते. सतराव्या लोकसभेतील 727 विधेयकांबाबत कोणता सदस्य कोणत्या बाजूला होता, हे कोणालाही सांगता येणार नाही.