दीड फूट वाळूखाली

(दृश्य : रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची पुळण, उजाडायच्या सुमारास)

ओहोटी लागली आहे. ओल्या वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग वर येतो, वळतो आणि समुद्रात परत जातो. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येऊन गेली. माग वळतो तिथे विस्कटलेली वाळू, आणि तिच्याखाली दीडेक फुटावर शंभराच्या आसपास अंडी.

२००२ पासून इथली घरटी कोल्ह्याकुत्र्यांपासून आणि अंडी चोरणाऱ्यांपासून राखली जातात. पण कुंपणाने ऊन अडत नाही.

अंड्यातून नर निपजणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात, त्यातला मधला तिसरा हिस्सा निर्णायक. ३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, गार वाळूत नर वाढतात, तापलेल्या वाळूत माद्या. ३४-३५ च्या वर वाळू तापूनच राहिली, तर पिल्लं अंड्यातच मरतात.

डिसेंबरच्या घरट्यांचे हे दिवस थंडीत निघून जातात. मार्चमधली घरटी मात्र ऐन उन्हाळ्यात सापडतात. म्हणून हंगामातली पहिली घरटी जिवापाड जपायला हवीत. नर मिळाले तर बहुधा त्यांतूनच. पिल्लू बाहेरून पाहून नर-मादी कळत नाही. शंभर पिल्लं समुद्राकडे धावताना पाहून किनारा आनंदतो, आणि त्यांत नर एकही नसला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

(दृश्य : हॅचरी, म्हणजे अंडी हलवून पुरायची कुंपणातली जागा; खड्डा खणणारे हात)

अंडी हलवायची ती घातल्यापासून काही तासांच्या आत, आणि न फिरवता. गर्भ कवचाला चिकटल्यावर अंडं उलटं झालं तर तो दगावतो. खड्डा घागरीसारखा : तोंड अरुंद, पोट रुंद, खोली मूळ घरट्याइतकी. उथळ झाला की दुपारची धग अंड्यांपर्यंत पोचते. बुजवताना खालची ओलसर वाळू आधी, वरची कोरडी तापलेली वाळू अंड्यांवर पडू द्यायची नाही. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर, कारण शेवटच्या दिवसांत वाढते गर्भ स्वतःच उष्णता सोडतात.

तापमान मोजायचं ते अंड्यांच्या खोलीवर. वर पाय भाजतो, त्यावरून खालचा अंदाज येत नाही. मार्चपासून वर शेडनेट, आपल्या आंब्याच्या कलमांवर असतं तेच. ते डोक्याइतक्या उंचीवर बांधावं, म्हणजे खालून वारा खेळतो. पाणी बेतानेच शिंपडावं; चिंब वाळूत हवा शिरत नाही आणि अंडी गुदमरतात.

पिल्लं वर येतात ती बहुधा वाळू गार झाल्यावर, रात्री किंवा पहाटे. तरी घरट्यावरची टोपली दिवसाही वरचेवर उचलून पाहायची. भर उन्हात वर आलेलं पिल्लू तिच्याखाली लवकरच निपचित पडतं. त्याला ओलसर वाळूत, सावलीला ठेवायचं. ऊन उतरलं की भरतीच्या रेषेच्या थोडं अलीकडे सोडायचं, आणि पाण्यापर्यंतचं अंतर त्याचं त्याला तोडू द्यायचं.