किती जास्त आणि किती पट

(सहावी ते आठवीचे शिक्षक आणि पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? फळ्यावर मी फार लिहिणार नाही, तेव्हा कान इकडे असू द्या.

सुरुवात एका गवंड्यापासून करते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीचं प्लास्टर चाललं होतं. एकास चारचा माल, म्हणजे एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात विचारलं, सिमेंट दोन घमेली घेतलं तर वाळू किती? आठ म्हणणारे बरेच होते. पण पाच म्हणणारेही पाच-सहा निघाले, आणि त्यातला एक तर वर्गातला हुशार मुलगा. त्याचं म्हणणं असं की, सिमेंट एक घमेलं वाढवलं, मग वाळूही एक घमेलं वाढवायची, दोघांना सारखंच.

संध्याकाळी गवंड्याच्या हाताखालच्या पोराला हेच विचारलं. नववीत शाळा सुटलेली. तो हसायलाच लागला. "बाई, दोनास पाच म्हणजे एकास अडीच झालं की. सिमेंट कुठून पुरायचं?"

शाळेतल्या मुलाला गुणाकार येत नव्हता असं नाही. तीसपर्यंतचे पाढे पाठ होते त्याला. पण प्रश्न ऐकल्यावर त्याच्या मनात आलं ते "किती जास्त". हाताखालच्या पोराच्या मनात "किती पट" आलं. आजच्या व्याख्यानात मला सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचाच पसारा.

पहिलीपासून पाचवीपर्यंत आपण मुलांना मुख्यतः किती जास्त, किती कमी हे विचारतो. रमेशकडे पाच गोट्या, सुरेशकडे आठ, कोणाकडे किती जास्त? मग सहावीत गुणोत्तर येतं आणि आपण गृहीत धरतो की मूल आपोआप दुसऱ्या गाडीत बसेल. ते बसत नाही. पहिल्याच गाडीत बसून राहतं, आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण आपण त्याच्या हातात तिरकस गुणाकार दिलेला असतो. चार संख्या मांडा, तिरके गुणा, भागा. उत्तर बरोबर येतं. पण त्याला गुणोत्तर कळलंय की नाही, हे त्या उत्तरावरून सांगता येत नाही.

त्या मुलाची परीक्षा घ्यायची असेल तर असं विचारा. दोरीवर एक शर्ट वाळायला दोन तास लागतात, पाच शर्ट एकदम घातले तर किती? दहा तास! पाच माणसं एक काम बारा दिवसांत करतात, दहा माणसं किती दिवसांत? चोवीस! तिरका गुणाकार बिनचूक केलेला असतो हो, पण पाच शर्टही दोनच तासांत वाळतात आणि दहा माणसांना सहाच दिवस लागतात. आर्यभटीयात, म्हणजे इ.स. ४९९ मध्ये, त्रैराशिकाची, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढायची रीत दिली आहे. तिथे जिच्यासाठी उत्तर हवं त्या राशीला इच्छाराशी म्हटलंय. मला हा शब्द फार आवडतो. तुझी इच्छा काय आहे ते आधी लिही, मग गुणाकार कर. आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, साध्या त्रैराशिकाच्या पाठोपाठ व्यस्त, म्हणजे उलट्या पटीचं त्रैराशिक आहेच, सोन्याच्या कसाचं उदाहरण घेऊन. एक वाढलं की दुसरं वाढणार की घटणार, हा प्रश्न रीतीच्या अगोदर यायला हवा.

आता जरा आपल्या भाषेकडे वळते. इथे मी रेंगाळणार आहे, माफ करा.

सव्वाशे म्हणजे किती? एकशे पंचवीस. आणि सव्वातीन? तीन आणि पाव. एकच सव्वा, पण शंभरापुढे तो "सव्वा पट" सांगतो आणि तिनापुढे "पावने जास्त" सांगतो. सव्वाशेचा अर्थ सव्वातीनसारखा लावला तर शंभर आणि पाव होईल, आणि बाजारात कोणी उभं करणार नाही. तसंच पाऊणशे म्हणजे पंच्याहत्तर, शंभराच्या पाऊण पट. पण पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी. पावणेतीनशे म्हटलं की दोन्ही एकत्र आले: आधी तिनातून पाव वजा, मग शंभर पट, दोनशे पंच्याहत्तर. भाजीवालीला हा फरक कोणी शिकवला नाही, तिच्या जिभेवर तो आहे. आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ असायची. औट म्हणजे साडेतीन. अपूर्णांकांचे पाढेच हे, आणि तेही "पट" सांगणारे. दिडकीत आठाला बारा येतात हे ज्याच्या तोंडात बसलंय, त्याला ३/२ गुणिले ८ ची भीती कशाला वाटेल?

मी पाढे पाठ करायला लावा असं म्हणत नाहीये, तो काळ गेला. पण सेमी इंग्रजीतल्या मुलांना पावणेदोन किती हे सांगता येत नाही, आणि आपण घरी त्यांच्याशी "वन पॉइंट सेव्हन फाइव्ह" बोलतो, हे मला बरं वाटत नाही. आज स्लॅबच्या काँक्रीटला एकास दीड तीन हे प्रमाण सर्रास घेतात: सिमेंट, वाळू, खडी. घरी हेच विचारा. दीड घमेलं मोजायचं नसेल तर काय कराल? दोनास तीन सहा. मुलाने हे तोंडी सांगितलं तर सहावीतलं गुणोत्तराचं प्रकरण निम्मं झालं असं समजा.

अपूर्णांकांच्या बेरजेकडे येऊ. १/२ अधिक १/३ बरोबर २/५. ही चूक तुमच्यापैकी प्रत्येक शिक्षकाने लाल शाईने खोडली असेल. मीही वर्षानुवर्षं खोडली. मग एकदा एका मुलीला विचारलं, तू हे कसं केलंस? ती म्हणाली, "दोन चेंडूंत एक चौका, मग तीन चेंडूंत एक चौका, एकूण पाच चेंडूंत दोन चौके." मी गप्प. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं! चेंडू आणि चौके असेच मोजतात. पण तिने दोन गुणोत्तरं एकत्र केली होती, आणि मी तिला एकाच भाकरीचे दोन तुकडे एकत्र करायला सांगत होते. अर्धी भाकरी आणि वर तिसरा हिस्सा, मिळून २/५ कशी होईल? २/५ तर अर्ध्याहूनही कमी. छेद कशाचा, हे विचारायचं राहिलं होतं. तिचं नव्हे, माझं. तेव्हापासून मी लसाविच्या आधी एक ओळ लिहून घेते: उत्तर अर्ध्याहून मोठं की लहान? एकाहून मोठं की लहान? या एका ओळीने निम्म्या चुका वहीत उतरायच्या आधीच थांबतात.

ऋण परिमेय संख्यांवर थोडक्यात. −३/४ मोठी की −१/२? ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये धन आणि ऋण यांचे नियम लिहिले ते संपत्ती आणि कर्ज याच शब्दांत, आणि आजही त्याहून सोपी वाट मला सापडलेली नाही. पाऊण लाखाचं कर्ज असलेला बरा की अर्ध्या लाखाचं असलेला? मुलं लगेच सांगतात. संख्यारेषा त्यानंतर काढा.

बीजगणित. आजच्या पुस्तकात इंग्रजी अक्षर असतं, मी जुन्या सवयीने क्ष म्हणते. ३क्ष + २ बरोबर ५क्ष, ही महाराष्ट्रातली सर्वात लोकप्रिय चूक असावी. याला थोडा हातभार आपलाच आहे. "क्ष म्हणजे आंबा समजा, तीन आंबे आणि दोन केळी" असं आपण सांगतो. क्ष आंबा नसतो हो, क्ष संख्या असते. ३क्ष म्हणजे त्या संख्येची तिप्पट. पुन्हा "पट" आलं बघा. आणि पुढचे दोन म्हणजे "दोनने जास्त". तिप्पट आणि वर दोन, यांची मिळून पाचपट कशी होणार? ज्या मुलाने घमेल्यात एक वाढवून पाच सांगितले होते, तोच मुलगा आठवीत इथे अडकतो.

आपण मुलांना सांगतो, संख्या घालून ताळा पाहा. मुलं कोणती संख्या घालतात? एक. सोपी म्हणून. ३ + २ = ५, आणि ५ गुणिले १ = ५. ताळा जुळला! क्ष वर्ग आणि २क्ष एकच का, म्हणून दोन घातले तर दोन्हीकडे चार. (अ + ब)² आणि अ² + ब² सारखे का, म्हणून एकाच्या जागी शून्य घातलं तरी जुळतं. तेव्हा शून्य, एक, दोन या ताळ्याच्या बाबतीत लबाड संख्या आहेत. दहा घाला. ३क्ष + २ चे बत्तीस आणि ५क्ष चे पन्नास, फसवणूक उघडी पडते. माझ्या वर्गात "लबाड संख्या" हा शब्द इतका रुळला की मुलं एकमेकांची वही बघून ओरडायची, "अरे, तू लबाड घातलीस."

आता सरावाबद्दल, कारण पालक त्यासाठीच आलेत हे मला माहीत आहे. रोज किती गणितं, असा प्रश्न चिठ्ठीवर आलाय. चार पुरेत. पण सरावसंचातली ओळीने चार नकोत. प्रकरणाचं नाव "समचलन" (एक ज्या पटीत वाढतं त्याच पटीत दुसरं वाढतं ते) असेल तर खालची वीसही गणितं समचलनाचीच असणार, मुलाला वाचायचीही गरज नाही. तीन वेगवेगळ्या प्रकरणांतली तीन घ्या, चौथं मागच्या आठवड्यात चुकलेलं. आणि कधीकधी सोडवूच नका. दहा गणितं फक्त वाचायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: किती जास्तचं आहे, किती पटीचं, उलट्या पटीचं, की शर्टासारखं यातलं काहीच नाही. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं. मला गाईडमधली शंभर उत्तरं पाठ करणं वेळखाऊ वाटतं.

गुणोत्तर, अपूर्णांक आणि बीजगणित ही तिन्ही प्रकरणं एकत्र आणणारं एक गणित मी दर वर्षी द्यायचे. दुकानदाराने पाचशेच्या साडीची किंमत वीस टक्क्यांनी वाढवली आणि मग वीस टक्के सूट दिली. वर्ग एकमुखाने सांगतो, पाचशेच. वाढवले तेवढेच कमी केले! हिशेब केला की सहाशे होतात आणि मग चारशे ऐंशी. साडी कितीचीही असली तर? क्ष गुणिले ६/५ गुणिले ४/५, म्हणजे २४/२५ क्ष. दर वेळी पंचविसावा हिस्सा गेला. टक्का म्हणजे पट, आणि ती कशाची पट हे मधल्या मध्ये बदललं.

शेवटी वयाचं गणित. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनी दुप्पट होईल. ३क्ष + १२ = २(क्ष + १२), मुलगी बारा, आई छत्तीस. झालं, पुढचं गणित, असं आपण करतो. मी तिथे थांबायचे. बारा आणि छत्तीस, फरक चोवीस. बारा वर्षांनी चोवीस आणि अठ्ठेचाळीस, फरक चोवीसच. किती जास्त हलत नाही, किती पट घसरत जातं. मग विचारायचं, चौपट कधी होती? मुलगी आठ वर्षांची असताना. दीडपट कधी होईल? मुलगी अठ्ठेचाळीसची, आई बहात्तरची. सव्वापट? मुलगी शहाण्णव, आई एकशे वीस, वर्ग हसतो. बरोबर एकपट? खूप वेळ आकडेमोड चालते आणि मग कोणीतरी म्हणतं, कधीच नाही, फरक आहे ना.

एका वर्षी मी उलट्या दिशेने गेले. मुलगी एक वर्षाची होती तेव्हा? पंचवीस पट. आणि जन्मली त्या दिवशी? मुलांनी चोवीस भागिले शून्य मांडलं आणि पेन्सिली थांबल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी, फारशी न बोलणारी, उभी राहिली. म्हणाली, "बाई, त्या दिवशी पट सांगता येत नाही. त्या दिवशी नुसतं किती जास्त एवढंच सांगता येतं."