बारावी आर्ट्‌स, मुक्काम येवला

[दृश्य: मागावरचा पदर, अगदी जवळून. बोटं, कांड्या, जर.]

येवला, जिल्हा नाशिक. पैठणीचा मोर असा उतरतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. ती हव्या तेवढ्याच ताण्यातून न्यायची आणि तिथूनच मागे फिरवायची. दोन रंग जिथे भेटतात, तिथे धागे एकमेकांत अडकवायचे. म्हणून अस्सल हातमागाचा पदर उलटा धरला तरी मोर मोरच दिसतो.

या मागाच्या पलीकडे, खिडकीशी बसून पुस्तक वाचतेय ती या घरातली मुलगी. बारावी, कला शाखा.

[दृश्य: पुस्तकाचं पान. मग वर्ग, मागच्या बाकांवरून.]

तिच्या इंग्रजी युवकभारतीत सरोजिनी नायडूंची विणकरांवरची कविता आहे, १९०५ साली पुस्तकात आलेली. कडवी तीनच. पहाटे विणतात ते बाळाचं वस्त्र, खंड्याच्या पंखासारखं निळं. तिन्हीसांजेला राणीच्या लग्नाचा शेला, मोरपिशी. आणि थंड चांदण्यात पांढरं कफन.

एरवी या कवितेचं काय होतं, हे बारावी झालेल्या कुणालाही सांगायला नको. यमक कुठलं, अलंकार कुठला, रसग्रहण गाईडातून पाठ. येवल्यातही हेच होत आलं. ज्यांच्या घरात माग चालतो, त्या मुलांनी ‘विणकर पहाटे काय विणतात?’ याचं उत्तर गाईडातून पाठ केलं.

[दृश्य: स्टाफरूम. फळ्यावरचं वेळापत्रक पुसून पुन्हा लिहिलं जातंय.]

या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी तास जोडायचं ठरवलं. बोलायला सोपं आहे. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं, इतिहास आणि अर्थशास्त्र ऐच्छिक. म्हणजे इतिहास घेतलेली मुलं अर्थशास्त्रात असतीलच असं नाही. ज्यांनी भूगोल घेतलाय त्यांचं काय करायचं? मग अदलाबदल सुरू. तुमचा मंगळवारचा तिसरा तास मला द्या, माझा गुरुवारचा पाचवा तुम्ही घ्या. फळ्यावर तुम्हाला दिसतोय तो असाच खोडत खोडत जुळवलेला आठवडा. वेगळा निधी नाही, वेगळा विषय नाही, पुस्तकंही बालभारतीची, तीच.

[दृश्य: जोडतास. दोन शिक्षक एकाच वर्गात, एक फळ्याशी, एक खिडकीत.]

कविता वाचून होते आणि अर्थशास्त्राचे सर विचारतात, यंत्रमागावरची नक्कल निम्म्याहून कमी किमतीत मिळाली, तर हातमागाच्या पैठणीच्या मागणीचं काय होईल? पर्यायी वस्तू, मागणीची लवचीकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते) हे शब्द मुलांना पाठ असतात. इथे पहिल्यांदा एक मुलगा सरांना दुरुस्त करतो. लग्नाची पैठणी आणि समारंभाची पैठणी यांचं गिऱ्हाईक वेगळं असतं, म्हणतो. वडिलांसोबत दुकानात बसणारा मुलगा आहे.

इंग्रजीच्या लेखनकौशल्यात मुलाखतीचे प्रश्न तयार करायला असतात. परीक्षेत ते कुणा काल्पनिक पाहुण्यासाठी लिहायचे. मॅडमनी सांगितलं, घरी जा आणि खरोखर विचारून या.

[दृश्य: मोबाईलवर रेकॉर्डिंग. आजी बोलतेय. आवाज तसाच ठेवावा, निवेदन नाही.]

मुलाखत मराठीत झाली, लिहायची मात्र इंग्रजीत. दोन दिवस वर्गात नुसती शब्दांची झटापट. ‘ताणा’ आणि ‘बाणा’ला शब्द सापडले, ‘काठाला नारळी घातलीय’ यापाशी सगळे अडले. नारळी ही काठावरची नक्षी. मॅडमनी तो शब्द तसाच ठेवायला सांगितला.

[दृश्य: मुक्तिभूमीचा परिसर. मुलं चालत येताहेत.]

याच गावात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. प्रत्यक्ष दीक्षा नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६. इतिहासाच्या सरांनी मुलांसमोर प्रश्न ठेवला, मधल्या २१ वर्षांत काय काय झालं? मुलांनी कागदाची लांब पट्टी अंथरलीय, ती पाहा. १९३६, स्वतंत्र मजूर पक्ष. १९४२, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. पुढे घटना समिती. राज्यशास्त्र घेतलेली मुलं अर्थातच इथे पुढे होती. आणि इंग्रजीचा स्वाध्याय असा: त्या दिवशी तुम्ही बातमीदार म्हणून येवल्यात आहात, बातमी पाठवा.

[दृश्य: जुनी इमारत, जिना, शाखांच्या पाट्या.]

कला, वाणिज्य, विज्ञान ही विभागणी आपल्या अंगवळणी पडलीय. कोठारी आयोगाने सुचवलेला दहा-अधिक-दोनचा आकृतिबंध महाराष्ट्रात आला आणि १९७५ पासून दहावीनंतरची दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गेली. तेव्हापासून दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न. सायन्स की कॉमर्स? आर्ट्‌स हे उत्तर द्यायचं असतं ते खालच्या आवाजात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाखांमधल्या भिंती नकोत असं लिहिलंय. २०२४च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात तर अकरावी-बारावीची इंग्रजीची सक्तीच काढलेली होती, त्यावरून बराच गदारोळ झाला. भिंती नकोत म्हणजे वर्गात नेमकं काय करायचं, ते या वेळापत्रकाच्या फळ्यावर बघायला मिळतं.

जोडतासांमुळे गुण वाढले का? गुणपत्रिकेत प्रत्येक विषय वेगळाच छापून येतो, त्यावरून ते कळत नाही. लेखी ८०, तोंडी किंवा प्रकल्प २०.

[दृश्य: पुन्हा स्टाफरूम. चहाचे कप, उघडी पुस्तकं.]

पुढचा जोडतास दिलीप चित्र्यांच्या कवितेवर ठरलाय, संध्याकाळी उशिराच्या गाडीने घरी परतणाऱ्या वडिलांवरच्या. समाजशास्त्राच्या मॅडमना त्यातलं कुटुंब हवंय. भूगोलाच्या सरांना उपनगरी रेल्वे शिकवायचीय, कारण अर्ध्या वर्गाने लोकल फक्त सिनेमात पाहिलीय. यासाठी आपला तास कोणी सोडायचा, यावर तूर्त दोघांचं एकमत नाही.