गंज बाहेरून येत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

मॉडेल विमानाचं, मुठीत मावणारं इंजिन तुमच्याकडे असेल, तर आधी एक विचारतो. मागच्या वेळी ते बंद कसं केलंत? कारण कपाटात ठेवल्यावर जो गंज दिसतो, त्याची सुरुवात बहुतेकदा तिथेच झालेली असते.

ग्लो प्लगच्या, म्हणजे तापलेल्या तारेच्या प्लगने इंधन पेटवणाऱ्या इंजिनाचं इंधन म्हणजे मिथेनॉल, तेल आणि बहुधा थोडं नायट्रोमिथेन. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. शिवाय ते जळताना पाण्याची वाफ होते आणि इंजिन गार झालं की तिचंच पाणी आत राहतं. पहिला बळी जातो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या मागच्या बेअरिंगचा. बाहेरून इंजिन चकाचक, आतल्या पोलादी गोळ्यांवर मात्र तांबूस ठिपके!

म्हणून दिवसाच्या शेवटी इंधनाची नळी चिमटीत दाबून धरा आणि आत उरलेलं इंधन जळून इंजिन आपसूक थांबू द्या. मग टाकी रिकामी करा. ग्लो प्लग काढून त्या भोकात आणि उघड्या कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन तेलाचे, म्हणजे इंजिन बंद केल्यावर गंज टाळायला घालायच्या तेलाचे चार-चार थेंब सोडा, प्रोपेलर हाताने दहा-बारा वेळा फिरवा. हे मैदानावरच उरकावं. घरी गेल्यावर करू म्हटलं की राहतंच. पाणी हटवणारा स्प्रे चालेल, पण त्याचा थर पातळ; महिनोन्‌महिने त्याच्या भरवशावर राहू नका.

इंधनात एरंडेल असेल, तर ते काही महिन्यांत चिकट डिंकासारखं होऊन इंजिन जाम करतं. तेव्हा पान्याने जोर लावू नका, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकेल. केस वाळवायच्या यंत्राने बेताने तापवा, एरंडेल मऊ पडतं. बाहेरचा काळपट थर मिथेनॉल आणि जुन्या टूथब्रशने निघतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि विस्तवापासून लांब. तारेचा काथ्या मात्र अजिबात नको, त्याची एक कणी बेअरिंगमध्ये गेली की संपलं.

ठेवताना पिस्टन खाली असू द्या. पुष्कळ इंजिनांची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात सरकतो ती नळी, वरच्या टोकाला निमुळती असते, तिथे पिस्टन आवळून बसतो. एक्झॉस्ट आणि कार्ब्युरेटरची तोंडं झाका, तेलाचा हात फिरवलेल्या फडक्यात गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा. ओलसर इंजिन प्लास्टिकच्या पिशवीत बांधलंत, तर ओलावाही आतच कोंडला जातो.

दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून बोटाने फिरवून बघा. खरखर जाणवली, तर बेअरिंग बदलल्याशिवाय ते इंजिन सुरू करू नका.