कोमोडोची जीभ, सितातुंगाचे खूर

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या रविवारी नागपूरच्या गोरेवाड्याच्या तळ्याकाठी एका शाळकरी मुलानं मला विचारलं, "काका, कोमोडो ड्रॅगन आणि सितातुंगाची झुंज लागली तर कोण जिंकेल?"

झुंज लागणं शक्यच नाही. कोमोडो इंडोनेशियाच्या मोजक्या बेटांवर, सितातुंगा आफ्रिकेच्या दलदलीत. मधे अख्खा हिंदी महासागर. तरी प्रश्न मला फार आवडला.

कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीचाच भाऊबंद. लांबी 3 मीटरपर्यंत, वजन साधारण 70 किलो. दुभंगलेल्या जिभेनं हवेतला वास टिपत तो फिरतो आणि जनावरांच्या वाटेवर दबा धरून बसतो. त्याच्या लाळेतल्या जंतूंमुळे शिकार मरते, असं कित्येक वर्षं मानलं जायचं. 2009 साली संशोधकांनी त्याच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी दाखवल्या. ते विष रक्त गोठू देत नाही. एका बैठकीत हा प्राणी स्वतःच्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत मांस गिळू शकतो. पिल्लं मात्र झाडावरच वाढतात. खाली उतरली, तर मोठे कोमोडोच त्यांना खातात!

सितातुंगा हा कुरंग, म्हणजे अँटिलोप; आपल्या रोह्याचा, म्हणजे नीलगायीचा, लांबचा नातलग. नराची शिंगं पीळदार, हरणासारखी दरवर्षी गळत नाहीत. पण त्याचं खरं कसब खुरांत आहे. लांबट खूर चिखलात फाकतात, म्हणून तो रुतत नाही. केस तेलकट, पाणी धरत नाहीत. बिबट्या मागे लागला की खोल पाण्यात शिरायचं आणि नाकपुड्या तेवढ्या वर ठेवायच्या. कोरड्या जमिनीवर मात्र हेच खूर त्याला धड पळू देत नाहीत.

म्हणून मी त्या मुलाला म्हटलं, "आधी जागा सांग, मग निकाल सांगतो."

मग मीच विचारलं, "घोरपड पाहिलीस का रे?" नव्हती पाहिली. श्रोतेहो, याचं मला वाईट वाटतं. हत्ताजोडी नावाची मुळी म्हणून बाजारात जे विकतात, ते बहुतेकदा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. त्यासाठी ती मारली जाते. कायद्यानं तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. कृपा करून ती वस्तू घरात आणू नका.

परत निघालो, तेवढ्यात वाळक्या सागाच्या पानांत सरसर झाली. मुलानं माझा हात घट्ट धरला. दोन फाट्यांची जीभ बाहेर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली.