हॉर्मोनची औषधे आणि परिचारिकेने विचारायचे प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरोघरी औषधोपचार समजावणाऱ्या परिचारिका, एएनएम आणि आशाताई यांना डोळ्यांसमोर ठेवून मी आज बोलणार आहे. परंतु ज्यांच्या घरात इन्सुलिन, थायरॉईडची गोळी किंवा स्टेरॉईड चालू आहे, त्या सर्वांनी हे ऐकावे. शरीर स्वतःची हॉर्मोन्स गरजेप्रमाणे क्षणोक्षणी कमी-जास्त करीत असते. तीच बाहेरून द्यावी लागली की तो हिशेब रुग्णाकडे आणि त्याच्या घरच्यांकडे येतो. डॉक्टर चिठ्ठीवर मात्रा लिहितात, पण ती खरोखर शरीरात किती पोहोचते, हे जेवणाची वेळ, घरातला उकाडा, हातातली सिरिंज आणि कधीकधी सणवार यांवर ठरते. म्हणून औषध हातात देण्याआधी हे विचारून घेणे, हे परिचारिकेचे अर्धे काम आहे असे मी मानते.

सर्वांत जास्त वेळ इन्सुलिनला द्यावा लागेल. कॅनडातील टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला देण्यात आले. तेव्हापासून त्याचे प्रकार बदलले, पण त्याचा नाजूकपणा तसाच राहिला. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. वापरात असलेली बाटली साधारणपणे २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालते, मात्र हे तापमान २५ ते ३० अंशांच्या आतले अपेक्षित आहे. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांना टेकतो आणि पत्र्याच्या छपराखाली तर घराची भट्टी होते, तेव्हा ‘खोलीचे तापमान’ हे शब्द आपल्या उपयोगाचे राहत नाहीत. फ्रीज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर बाटली कोरड्या डबीत घट्ट बंद करून ती डबी पाणी घातलेल्या मातीच्या माठात ठेवावी आणि माठ सावलीत, वाऱ्याला ठेवावा. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे माठ चांगला गार होतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो तेवढा गार होत नाही, हेही सांगून ठेवावे. याउलट काही घरी काळजीपोटी बाटली थेट फ्रीझरमध्ये ठेवतात. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते.

दुसरी गोष्ट सिरिंजची, आणि येथे होणारी चूक जिवावर बेतू शकते. बाटलीतले बरेचसे इन्सुलिन प्रति मिलिलिटर ४० युनिटचे असते, तर पेनमधले १०० युनिटचे. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. आपल्याकडे ४० च्या सिरिंजला लाल टोपण आणि १०० च्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला केवळ ८ युनिट मिळतात. उलट, १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर ५० युनिट जातात. म्हणून ‘किती घेता?’ एवढे विचारून थांबू नये. रुग्णाला किंवा त्याला सुई देणाऱ्या सुनेला आपल्यासमोर इन्सुलिन भरायला सांगावे. त्याच वेळी पोटावर, मांडीवर बोटे फिरवून पाहावीत. रोज एकाच जागी टोचल्याने तिथे मऊ गाठ तयार होते. त्या जागी दुखत नाही म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते, पण तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही आणि शुगर विनाकारण वर-खाली होत राहते.

कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी एक प्रश्न आवर्जून विचारावा: सकाळी सुई घेतल्यानंतर भाकरी किती वाजता खाता? सुई घेऊन उपाशीपोटी शेत गाठणाऱ्या बाईला दहाच्या सुमारास दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे, ही शुगर ७० च्या खाली उतरल्याची लक्षणे असू शकतात. उन्हाचा त्रास समजून तिला नुसते सावलीत बसवणे पुरेसे नाही. शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासावी. रावेर-यावलकडे केळी हाताशी असतात आणि लोक तीच आधी देतात, पण साखरेचे पाणी लवकर चढते. केळे त्यानंतर द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, लगेच दवाखान्यात न्यावे.

थायरॉईडच्या गोळीबद्दल थोडक्यात सांगते. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या किमान अर्धा ते एक तास आधी घ्यावी. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात. त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवले नाही, तर थायरॉईडचे औषध पोटातच अडकून राहते. मात्रा बदलल्यावर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात, त्याआधी घाई करून उपयोग नसतो.

स्टेरॉईडची बाब मात्र गंभीर आहे. ही औषधे वाईट नाहीत. १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णांवर कॉर्टिझोन या स्टेरॉईडचा गुण दिसला आणि त्या कामाला १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण आहे ती बिननावाच्या पुड्यांची. गुडघेदुखी, दमा यांवर ‘हमखास गुण’ म्हणून दिल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असते. रुग्ण महिनोन्‌महिने ते घेतो, चेहरा गोल होतो, शुगर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि शरीरातली मूत्रपिंडावरील ग्रंथी स्वतःचे हॉर्मोन बनवणे कमी करते. मग पुडी अचानक बंद झाली की उलट्या, विलक्षण अशक्तपणा आणि रक्तदाब खाली जाणे, असा प्रसंग ओढवतो. म्हणून रुग्णाला रागावून ‘आजपासून बंद करा’ असे सांगणे हेही धोक्याचेच. सध्या चालू असलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे पाठवावे. मात्रा टप्प्याटप्प्याने ते कमी करतील. डॉक्टरांनीच दिलेले स्टेरॉईड असेल, तर ते सकाळी, काही खाऊन घ्यावे. ते घेणाऱ्याला जंतुसंसर्ग झाला तरी ताप दिसेलच असे नाही, हे परिचारिकेने ध्यानात ठेवावे.

श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाची, रोटांची तयारी सुरू झाली की औषधांच्या दुकानांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागितल्या जातात. या प्रथेबद्दल माझे मत वेगळे आहे. ते येथे बाजूला ठेवते. नॉरएथिस्टेरॉनची ही गोळी साधारणपणे पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल, तर ती घेऊ नये. हे प्रश्न सासूसमोर विचारले तर खरी उत्तरे मिळत नाहीत, म्हणून सुनेला बाजूला घेऊन विचारावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर सण राहू द्यावा आणि दवाखाना गाठावा.

शेवटी ऑक्सिटोसिन. धडगाव, अक्कलकुवा भागातील पाड्यांवर ‘कळा येण्याचे इंजेक्शन’ म्हणून घरी कुणी ते देऊ केले, तर ठाम नकार द्यावा. बाळ जन्मण्याआधी देखरेखीविना दिल्यास गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. मात्र बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत दिल्याने बाळंतिणीचा रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्यासाठी ते थंड साखळीत, म्हणजे कारखान्यापासून आपल्या हातात येईपर्यंत सतत थंड ठेवलेले हवे, आणि देण्याआधी पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही याची खात्री करावी. दिल्याची वेळ तिथल्या तिथे केसपेपरवर लिहावी आणि बाळंतिणीला पुढे पाठवावे लागले तर तो कागद तिच्यासोबत द्यावा. नमस्कार.