दू यू राजाचा पक्षी

(दृश्य: मातीची उंच समाधी, भोवती गर्द झाडी)

चीनमधल्या चेंगदू शहराला लागून असलेला हा पिदू भाग. ही समाधी प्राचीन शू देशाच्या दू यू राजाची. लोककथा सांगते, पूर आवरणाऱ्या प्रधानाला त्यानं गादी दिली, स्वतः निघून गेला आणि मेल्यावर पक्षी झाला. वसंतात पेरणीसाठी तो रयतेला हाका मारतो. हाका मारता मारता चोचीतून रक्त ठिबकतं.

(दृश्य: चोच उघडलेला पक्षी, अगदी जवळून)

तोंडाच्या आतला हा लाल रंग पाहिला, की कथेतलं रक्त कुठून आलं ते कळतं. कोकीळकुळातल्या या पक्ष्याचं चिनी नाव 'दूजुआन'. त्यातला 'दू' राजाचाच. उतारावरच्या या तांबड्या फुलांनाही तेच नाव. याच कुळातल्या दुसऱ्या पक्ष्याला चिनी शेतकरी 'बूगू' म्हणतात, म्हणजे 'धान्य पेरा'. आपल्याकडे पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, तसंच.

(दृश्य: तोक्यो, लाकडी घर)

जपानात दूजुआनचं नाव त्याच्या हाकेवरून पडलं: होतोतोगिसु. शेवटचा 'सु' तिथल्या बऱ्याच पक्ष्यांच्या नावांत येतो. कावळा म्हणजे 'कारासु'. पण लिहायला अक्षरं चीनची घेतली आणि त्यांच्यासोबत राजाचं रक्तही आलं. हायकूकार मासाओका शिकी इथं राहायचा. युद्धात जळलेलं त्याचं घर नंतर पुन्हा उभारलं. 1889 मध्ये क्षयानं त्याच्या तोंडातून रक्त पडलं, तेव्हा त्यानं 'शिकी' हे नाव घेतलं. तीही याच पक्ष्याची चिनी अक्षरं. 1902 मध्ये, चौतिसाव्या वर्षी, तो गेला.

(दृश्य: व्हिएतनाम, भाताची खाचरं, बांधावर पांढऱ्या छातीचा पक्षी)

कोकणातलं पोरगंही ओळखेल, ही पाणकोंबडी! व्हिएतनामी लोक हिला 'कुओक' म्हणतात, तिच्या ओरडण्यावरून. दू यूची कथा इथं आली आणि कोकीळकुळ सोडून हिला चिकटली. कारण जवळपास तसाच उच्चार असलेल्या 'क्वोक' शब्दाचा अर्थ आहे देश. एकोणिसाव्या शतकातली कवयित्री बा हुयेन थान क्वान डोंगराच्या खिंडीत उभी होती. तिला त्या ओरडण्यात देशाची आठवण ऐकू आली. राज्य गमावलेल्या राजाला याहून नेमका पक्षी कोणता मिळणार!

(दृश्य: खाचरात ताणलेली जाळी)

जिच्यावरून नाव पडलं, तीच हाक आता ध्वनिफितीवर वाजवून हे पक्षी जाळ्यात ओढतात. 2022 मध्ये व्हिएतनामच्या पंतप्रधानांनी रानपक्ष्यांची ही धरपकड थांबवण्याचे आदेश काढले.